'जंपिंग जॅक' मधला हा जॅक नक्की कोण?

फोंड्याची_सून

नमस्कार मंडळी, प्रश्न तसा बारीकसा आहे पण तीन दिवस आमच्याकडे जेवताना हाच विषय चाललाय म्हणून शेवटी इथे टाकते. लेक सहावीत आहे, शाळेत पीटीच्या तासाला जंपिंग जॅक करून घेतात. माहीत असेलच सगळ्यांना, उडी मारून पाय लांब, हात बाजूने वर नेऊन डोक्यावर टाळी, परत उडी मारून सावधान. परवा घामेजून घरी आली, दप्तर सोफ्यावर फेकलं आणि पहिलाच प्रश्न, आई हा जॅक कोण गं?

मी म्हटलं असेल कोणीतरी इंग्रज, आधी हातपाय धू. सासूबाई आतून ओरडल्या, अगो जंपिंग जॅक म्हणजे जितेंद्र, तो पांढरे बूट घालणारा! नवऱ्याने मोबाईल बघून जाहीर केलं की अमेरिकेत जॅक नावाचे एक जनरल होते त्यांनी हा व्यायाम काढला. आणि दुसऱ्या दिवशी पीटीच्या सरांनी पोरांना सांगितलं की टीव्हीवर व्यायाम शिकवणारा एक जॅक होता त्याच्यावरून नाव पडलं. म्हणजे एका उडीला तीन जॅक. खरा कोणता?

आणि अजून एक, सर म्हणतात दहा मारा, आणि पोरं वीस मारतात असं लेकीचं म्हणणं. हे काय गणित आहे?

म्हापशेकर_जुना

वहिनी, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या पिढीला जंपिंग जॅक म्हटलं की एकच माणूस. व्यायामबियायाम नंतर आला.

१९६७ ला 'फर्ज' आला आणि त्यात जितेंद्र असा काय उड्या मारत नाचला की तेव्हापासून पेपरवाल्यांनी त्याला जंपिंग जॅक करून टाकलं ते आजतागायत. तोवर हिरो नाचायचे म्हणजे झाडाला टेकून मान हलवायचे (शम्मी कपूर सोडा, तो वेगळाच प्राणी). आणि हा माणूस आपल्याच गिरगावातल्या चाळीत वाढलेला, खरं नाव रवी कपूर, बापाचा खोट्या दागिन्यांचा धंदा, सिनेमावाल्यांना दागिने पुरवायचे, ते पोचवायला गेला आणि व्ही. शांतारामांच्या नजरेत भरला. १९६४ चा 'गीत गाया पत्थरों ने' त्यांचाच. पुढे १९८३ मध्ये 'हिम्मतवाला' आला तेव्हा चाळिशी ओलांडलेला हिरो मडक्यांच्या रांगांमधून उड्या मारतोय आणि आम्ही म्हापशाच्या टॉकीजमध्ये शिट्या मारतोय. आमच्या शेजारच्या एकाने तसले पांढरे बूट घेतले होते, पावसाळ्यात, म्हापशाच्या बाजारातल्या चिखलात. दोन शुक्रवार टिकले.

पण सासूबाईंना एवढंच सांगा की व्यायामाला जितेंद्रचं नाव पडलेलं नाही, जितेंद्रला आधीच असलेलं नाव चिकटलंय.

लोखंडवाला_मडगाव

सर बरोबर आहेत. मी जिम चालवतो त्यामुळे थोडं माहितीये. जॅक ललेन, १९१४ चा जन्म, ओकलंडमध्ये १९३६ ला जिम काढली, जेव्हा डॉक्टर लोक सांगायचे वजनं उचलू नका हृदय बंद पडेल. १९५१ पासून टीव्हीवर कार्यक्रम, तीसेक वर्षांच्यावर चालला, बायका घरातली खुर्ची घेऊन त्याच्यासोबत व्यायाम करायच्या. २०११ ला गेला, ९६ वर्षांचा होऊन. त्यानेच हा व्यायाम घराघरात नेला आणि नाव पण जॅक, म्हणजे विषय संपला.

शब्दांचा_भुंगा

विषय संपला नाही, सुरू झालाय :)

लोखंडवाला, माणसाबद्दल तुम्ही लिहिलंय ते सगळं खरं, व्यायाम लोकप्रिय केला हेही खरं. पण 'जंपिंग जॅक' हा शब्द इंग्रजीत एकोणिसाव्या शतकातच होता, ललेन जन्मायच्या आधी. आणि तेव्हा त्याचा अर्थ होता खेळणं. लाकडाची नाहीतर पुठ्ठ्याची चपटी बाहुली, हातपाय सुटे, पायांच्या मधून एक दोरी लोंबते, ती खाली ओढली की दोन्ही हात आणि दोन्ही पाय फटकन बाजूला वर जातात, सोडली की परत खाली. आता तुमच्या लेकीची पीटी डोळ्यासमोर आणा. तेच ना? व्यायाम करणारा माणूस त्या बाहुलीसारखा दिसतो म्हणून व्यायामाला बाहुलीचं नाव.

जनरलची गोष्ट पण लिहितो. जनरल जॉन पर्शिंग, पहिल्या महायुद्धात युरोपात अमेरिकन फौजेचा सेनापती, टोपणनाव ब्लॅक जॅक. ते टोपणनाव त्याला वेस्ट पॉइंट ह्या लष्करी अकादमीच्या कॅडेटांनी चिडून दिलं, कारण तो आधी कृष्णवर्णीय सैनिकांच्या दहाव्या घोडदळात होता, आणि मूळचा शब्द तर आणखी घाणेरडा होता, नंतर सौम्य झाला. तो कॅडेटांना शिक्षा म्हणून ह्या उड्या मारायला लावायचा म्हणून जंपिंग जॅक, अशी ती गोष्ट. ऐकायला झकास आहे पण एक गोची आहे. अमेरिकन लष्कर स्वतः ह्या व्यायामाला जंपिंग जॅक म्हणतच नाही! त्यांच्या कवायतीच्या पुस्तकात त्याचं नाव आहे 'साइड स्ट्रॅडल हॉप'. जनरलच्या नावाने व्यायाम असता तर बाकी जग विसरलं असतं आणि लष्कराने जपलं असतं, इथे उलटंच आहे.

आणि सगळ्यात भारी पुरावा बाहेरच्या भाषांमध्ये सापडतो. जर्मनमध्ये त्या दोरीच्या बाहुलीला हाम्पेलमान म्हणतात आणि व्यायामालाही हाम्पेलमानच म्हणतात. डॅनिशमध्ये बाहुली स्प्रेलेमान्ड, व्यायाम पण तोच. पोलिशमध्ये पायात्सिक, म्हणजे छोटा विदूषक, बाहुलीही तीच आणि उडीही तीच. आता ह्या सगळ्या देशांत जॅक नावाचा माणूस कुठून आला? बाहुली मात्र सगळीकडे होती.

लोखंडवाला_मडगाव

च्यायला. डॅनिशपर्यंत जाल असं वाटलं नव्हतं. मानलं. तरी पण ललेनमुळे नाव जास्त पसरलं असेल हे माझं मत कायम.

शब्दांचा_भुंगा

ते असू शकेल की, त्यावर भांडण नाही. बारसं त्याने केलेलं नाही एवढंच.

साखळीची_सुमन

आमच्याकडे असली बाहुली कुणी पाहिलीये का? मला तर कळसूत्री बाहुली आठवते, पण तिच्या दोऱ्या वरून असतात ना?

चितारआळी_फॅन

सुमनताई बरोबर. कळसूत्रीत दोऱ्या वरून आणि वर माणूस उभा. आपल्यापासून लांब नाहीच, पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडा, सावंतवाडीच्या पुढे कुडाळजवळ पिंगुळी, तिथला ठाकर समाज कळसूत्री आणि चित्रकथी (चित्रं दाखवून गोष्ट सांगायची) दोन्ही करतो, परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. ती बाहुली सगळ्या बाजूंनी गोल, अंगावर कपडे, चालते, मान डोलावते, लढते. जंपिंग जॅक त्यामानाने गरीब प्राणी, चपटा, एकच दोरी, एकच हालचाल. पण गंमत अशी की दोन्हीचा लाक्षणिक अर्थ एकच. आपण म्हणतो ना, तो काय, साहेबाच्या हातातली कळसूत्री बाहुली, तसंच जर्मन माणूस कुणाला हाम्पेलमान म्हणाला की समजायचं ह्याची दोरी दुसऱ्याच्या हातात.

पॅरिसमध्ये १७४० च्या दशकात ह्या बाहुल्यांचं वेड लागलं होतं, पांतँ म्हणायचे. लहान पोरांचं सोडा, मोठमोठ्या घरातले स्त्रीपुरुष भर बैठकीत खिशातून बाहुली काढून दोरी ओढत बसायचे. नावाजलेल्या चित्रकारांनी रंगवलेल्या पांतँ असायच्या. (आता आपण बैठकीत खिशातून काय काढतो ते सांगत नाही.) नंतर एकोणिसाव्या शतकात एपिनाल गावच्या छापखान्यातून कागदावर सुटे अवयव छापून यायला लागले, घरी नेऊन पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा आणि जोडा.

वहिनी, लेकीला हे करायला द्या. मी पुतण्यासाठी केलं होतं, लग्नपत्रिकेचा जाड कागद वापरला, तो फुकट असतो आणि घरात ढिगाने असतो. एक धड डोक्यासकट, दोन हात, दोन पाय. माझी पहिली बाहुली चाललीच नाही, दोरी ओढली की नुसती थरथरायची, म्हातारबाबासारखी. मग लक्षात आलं चूक कुठे होती. हात जिथे खांद्याला जोडतो त्या भोकाच्या वर हाताचा एक छोटा शेपटासारखा तुकडा शिल्लक ठेवायचा असतो, आणि दोरा त्या शेपटीत ओवायचा. मी ओवला होता भोकाच्या खाली, कोपराच्या बाजूला. हात तर आधीच खाली लोंबतोय, त्याला अजून खाली ओढून काय होणार? शेपटीला ओढलं की शेपटी खाली येते आणि पंजा वर जातो, तराफ्याच्या... नाही, सी-सॉच्या फळीसारखं. पायांचं तेच. मग दोन्ही हातांच्या शेपट्यांमध्ये एक आडवा दोरा, दोन्ही पायांच्या मध्ये दुसरा, आणि मधून उभा दोरा दोघांना गाठ मारत खाली सोडायचा. आडवे दोरे हातपाय खाली असतानाच बांधा आणि ताणून बांधा, सैल राहिले तर अर्धी ओढ त्यातच जाते. सांध्यांच्या गाठी मात्र सैल ठेवा, घट्ट मारल्या की हात वर जाऊन वरच राहतो, हात वर केलेला शरण आलेला माणूस दिसतो.

दोऱ्याच्या टोकाला वजन हवं. मी भोकवाली शिंपली बांधली, मिरामारला वाळूत पाहिजे तेवढ्या मिळतात.

फोंड्याची_सून

अहो हे झकास आहे! शनिवारी बसवते तिला. सासूबाईंच्या कपाटात पत्रिकांचा गठ्ठा आहे, १९९० पासूनच्या, टाकू देत नाहीत.

पण मग जॅकच का? बाहुलीचं नाव पीटर का नाही?

आल्तिनोचे_आजोबा

हा प्रश्न माझ्यासारख्या म्हाताऱ्यासाठी ठेवला होता काय बाय तू. वय ८० च्या वर आहे, पोर्तुगीज राजवटीत लिसेवात (हायस्कुलात) शिकलो, मराठी घरी आणि देवळात. टाईप करायला वेळ लागतो तर जरा सांभाळून घ्या.

जॅक हे जॉनचं लाडाचं नाव. जॉनचं झालं जॅनकिन, त्याचं जॅक. इंग्लंडात जुन्या काळी जॉन इतके की दगड मारला तर जॉनला लागायचा, त्यामुळे जॅक म्हणजे कोणीही, सोम्यागोम्या, आणि त्यातून मग घरातला पोऱ्या, हरकाम्या, नोकर. आणि जे काम आधी पोऱ्या करायचा ते करणाऱ्या वस्तूलाही जॅकच म्हणायला लागले. बूट ओढून काढायचं लाकूड, तो बूटजॅक. मांस भाजताना सळई फिरवणारं यंत्र, तोही जॅक. गाडी उचलतो तो तर तुम्हा सर्वांना ठाऊक. तसंच दोरी ओढली की मुकाट्याने उडी मारणारा लाकडी पोऱ्या, जंपिंग जॅक.

आता पत्ते काढा. इंग्रजीत जॅक, पोर्तुगीजमध्ये आम्ही म्हणायचो व्हालेत, म्हणजे मालकाचे कपडे सांभाळणारा नोकर. आणि मराठीत? गुलाम! तीन भाषा, तिघांनीही राजाराणीच्या खाली नोकरच बसवला. म्हणून नातीला सांगायचं असेल तर मी म्हणेन जंपिंग जॅक म्हणजे उडता गुलाम.

पोर्तुगीजमध्ये ह्या उड्यांना पोलिशिनेलु म्हणतात, ब्राझीलमध्ये तर सर्रास. पोलिशिनेलु म्हणजे इटलीच्या जुन्या नाटकातला पुल्चिनेल्ला, नाकाड्या विदूषक, इंग्रजांनी त्याचाच 'पंच' नावाचा बाहुला केला. आमचे एक शिक्षक वर्गात कुणाचं गुपित आधीच सगळ्यांना माहीत असलं की म्हणायचे 'सेग्रेदु द पोलिशिनेलु', विदूषकाचं गुपित. तेव्हा भुंगा म्हणतात ते सगळं जुळतं.

आणि गाडी उचलायच्या जॅकला पोर्तुगीजमध्ये काय म्हणतात सांगू? माकाकु. म्हणजे माकड. इंग्रजाने नोकर लावला, पोर्तुगीजाने माकड.

शब्दांचा_भुंगा

आजोबा, _/\_ उडता गुलाम हे मी वहीत लिहून ठेवलं. इंग्रजीत सुद्धा त्या पत्त्याचं जुनं नाव नेव्ह, म्हणजे मूळ अर्थ पोरगा, नोकर. पत्त्याच्या कोपऱ्यात अक्षरं छापायची वेळ आली तेव्हा राजाचा के आणि नेव्हचा केएन, पटकन गोंधळ, म्हणून जॅकचा जे पक्का बसला.

चितारआळी_फॅन

मध्येच घुसतो, सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात हा नोकर नाहीच. गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२, एकूण १२०, त्यात चित्रं फक्त राजाची आणि प्रधानाची. मुघल गंजिफात मात्र गुलाम नावाचा एक अख्खा रंगच असतो.

काणकोणचो_बाबू

सगळे इतकं शोधतात आणि जॅक आपल्या अंगणात हा! जॅक म्हणजे जॉन, बरोबर? जॉन म्हणजे आपला जुवांव, बरोबर? २४ जूनला काय करतो आपण? सांजांव, सेंट जॉनचा सण! डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून बांयत (विहिरीत) उडी! जंपिंग जुवांव हो! अमेरिकन जनरलाक कित्याक सोदतात रे :D :D

आल्तिनोचे_आजोबा

बाबू, हसून हसून चष्मा पडला. बायबलात सुद्धा एलिझाबेथच्या पोटात बाळ योहानाने आनंदाने उडी मारली असं आहे, त्यावरून तर सांजांवच्या उड्या सांगतात. खेळण्याशी काही संबंध नाही हे मी आपलं शिक्षकी सवयीने लिहून ठेवतो, नाहीतर उद्या कोणीतरी हेच पुढे ढकलेल.

म्हापशेकर_जुना

ढकललं. चार ग्रुपवर.

साखळीची_सुमन

मग फणस? जॅकफ्रूट म्हणजे नोकराचं फळ की काय? आमच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) सहा झाडं आहेत म्हणून विचारते.

शब्दांचा_भुंगा

नाही हो ताई, हा जॅक बोगस आहे, आणि याची गोष्ट तर गोव्यातलीच. मल्याळममध्ये फणसाला चक्का म्हणतात, पोर्तुगीज उतरले मलबारात, त्यांनी ऐकलं जाका, इंग्रजांनी जाकाचं जॅक केलं आणि मागे फ्रूट लावलं. गार्सिया द ओर्ता, तो पोर्तुगीज वैद्य, त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं, त्यात हा जाका आलेला आहे. पणजीच्या बागेला त्याचंच नाव आहे, चर्चच्या समोरच्या चौकातली. म्हणजे फणसाचा जॉनशी काडीचा संबंध नाही. रसाळ असो की कापो.

तसाच दुसरा बोगस जॅक म्हणजे जॅकल. ते फारसी शगाल, तुर्की चकाल करत इंग्रजीत गेलं, आणि शगालचं नातं थेट आपल्या संस्कृत शृगालाशी. परत आलं तेव्हा ओळखू येईना.

साखळीची_सुमन

शृगाल!! बघा, आपलाच कोल्हा.

टास्मानियाहून_डिचोलीकर

मी सध्या होबार्टला आहे, इथे जंपिंग जॅक म्हटलं की लोक दचकतात. इथे ती मुंगी आहे. काळी, जबडे आणि पाय पिवळसर केशरी, साधारण सेंटीमीटरभर, आणि चालताना मध्येच टुणकन उडी मारते म्हणून ते नाव, जॅक जंपर पण म्हणतात. चावली तर आपल्या हुमल्यासारखी (लाल मुंगीसारखी) नुसती आग होत नाही, काही लोकांना अशी ॲलर्जी येते की श्वास कोंडून जीवावर बेततं. इथल्या सरकारी इस्पितळात त्या विषाचेच बारीक बारीक डोस देऊन शरीराला सवय करायचे उपचार चालतात. मी बागेत काम करताना पायजमा मोज्यात खोचतो, बायको हसते, हसू दे.

ह्याच मुंग्यांच्या जवळच्या एका जातीत पेशीत गुणसूत्रांची फक्त एकच जोडी असते. माणसात २३.

ब्रिटनमध्ये जंपिंग जॅक नावाचा फटाका पण होता. कागदाची नळी नागमोडी दुमडून बांधलेली, प्रत्येक घडीला एक बार, त्यामुळे पेटवल्यावर कुठे उडी मारेल नेम नाही. १९९७ मध्ये सर्वसामान्यांना विकायला बंदी आली. आपण दिवाळीत नरकासुराचे पुतळे जाळतो त्या रात्री तो असता तर काय झालं असतं कल्पना करा.

काणकोणचो_बाबू

नरकासुर पहाटेच्या आधीच जळला असता.

गुडघेदुखी_४८

विषयाला सोडून आहे माफ करा पण मी कांपालला सकाळी हे जॅक सुरू केले आणि चौथ्या दिवशी उजवा गुडघा सुजला. चालू ठेवू का बंद करू?

फिजिओ_ताई

सुजलाय तोवर बंद आणि आधी दाखवून घ्या, इथे विचारून नको. नंतर परवानगी मिळाली की उडी न मारता करा, एक पाय बाजूला टाकायचा, हात वर, परत आत, मग दुसरा पाय. उडीचे करायची वेळ आली की काँक्रीटच्या फुटपाथवर नको, आणि धपकन टाचेवर उतरू नका, चवड्यावर उतरून गुडघा किंचित वाकू द्या. आवाज येतोय म्हणजे चुकतंय, असं माझ्या पेशंटना सांगते.

निवृत्त_सुभेदार

मूळ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही म्हणून लिहितो. दहा आणि वीसचं गणित.

लहान पोरांच्या हिशोबात पाय बाहेर आणि पाय आत म्हणजे एक. अमेरिकन लष्करात हा चार मोजणीचा व्यायाम आहे. बाहेर एक, आत दोन, बाहेर तीन, आत चार, आणि हे चार झाले की एक संख्या पुरी. मोजायची पद्धत पण मजेशीर, चौथ्या ठोक्याला चार म्हणायचं नाही, तिथे संख्या म्हणायची. एक-दोन-तीन-एक, एक-दोन-तीन-दोन, एक-दोन-तीन-तीन. उस्ताद आकडे म्हणतो आणि चौथा जवान ओरडतात. त्यामुळे दहा म्हटले की टाळ्या होतात वीस. सर तसंच मोजत असतील. पोरांना फसवल्यासारखं वाटतं पण सरांचं चुकलेलं नाही.

ब्रिटिश लोक ह्यालाच बहुतेक वेळा स्टार जंप म्हणतात. अमेरिकेत स्टार जंप म्हणजे वेगळं, खाली बसून तिथून वर झेप घेऊन हवेतच हातपाय पसरायचे आणि परत खाली. त्या दहा मारून बघा म्हणजे साध्या जॅकबद्दलची तक्रार राहणार नाही.

लोखंडवाला_मडगाव

सुभेदार साहेब, चार मोजणीचं उद्यापासून जिममध्ये लागू करतो. मेंबर शिव्या घालतील, तुमचं नाव सांगतो.

निवृत्त_सुभेदार

सांगा. आयुष्यभर त्याचीच पेन्शन घेतोय.

फोंड्याची_सून

मंडळी, रविवार संध्याकाळचा रिपोर्ट.

काल दुपारी बसलो तिघी. पत्रिका निवडण्यातच तास गेला कारण सासूबाईंना प्रत्येक लग्नाचं काहीतरी आठवत होतं, कुठे जेवण उशिरा आलं, कुठे नवरा रुसला. शेवटी एक जाड मिळाली, सोनेरी गणपतीवाली, गणपती बाजूला कापून देवघरात आणि उरलेल्याचा जॅक. चितारआळी, तुम्ही इतकं सांगून सुद्धा लेकीने पहिल्यांदा दोरा चुकीच्याच भोकात ओवला, आणि तुमची ती थरथर आम्हालाही बघायला मिळाली. मग शेपटी ठेवून हात परत कापले. शिंपली नव्हती म्हणून जुन्या चावीला दोरा बांधला. ओढलं आणि फटाक्! दोन्ही हात वर, दोन्ही पाय लांब. लेक इतकी ओरडली की शेजारची काकी बघायला आली.

मग मी तिला सगळं समजावलं, खेळणं आधी, व्यायाम नंतर, जॅक म्हणजे जॉन, जॉन म्हणजे कोणीही, पत्त्यातला गुलाम वगैरे. आजोबांचा उडता गुलाम तिला खूपच आवडला. सुभेदारांचं एक-दोन-तीन-एक पण पाठ झालं, दोरी ओढत तेच म्हणत होती.

सासूबाई सगळं ऐकत होत्या, मान डोलावत होत्या, मला वाटलं पटलं. संध्याकाळी दिवा लावायला गेले तर जनेलाला (खिडकीला) टांगलेला जॅक गायब. आत बघते तर सासूबाईंनी तो मांडीवर घेतलाय, नातीची पांढऱ्या रंगाची बाटली उघडलेली, आणि चष्मा कपाळावर ढकलून त्याच्या दोन्ही पायांत बूट रंगवतायत.